कापसाची पानगळ करायला गेलो आणि शेतात पट्टे पडले: मालेगाव तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शेतकऱ्याचं नाव गाव सांगत नाही, आपण त्यांना आप्पा म्हणू. मालेगाव तालुक्याचा पूर्वेकडचा पट्टा, धुळ्याच्या बाजूचा, जिथे नाशिक जिल्हा म्हटलं की लोकांना द्राक्ष आठवतात पण प्रत्यक्षात कापूस, मका, बाजरी आणि जिथे पाणी असेल तिथे कांदा आणि डाळिंब. आप्पांची मध्यम काळी जमीन, पाच एकर बीटी कापूस, चार फुटाची सरी, ठिबक. लागवड जूनच्या मध्यात. मी त्यांच्या पुतण्याचा मित्र, कृषी डिप्लोमा केलेला, गावातल्या शेतकरी गटाचं काम बघतो, त्यामुळे यातलं बरंचसं मी डोळ्याने पाहिलंय आणि एक-दोन चुकांमध्ये मी पण वाटेकरी आहे हे आधीच सांगून टाकतो.

हंगाम २०२४ चा. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला, दिवाळी १ नोव्हेंबरला आली आणि पहिली वेचणी दिवाळी उरकल्यावरच सुरू झाली. पावसाने झालं काय की खालची बोंडं फुटली पण झाडाचा शेंडा परत हिरवागार, नवी पालवी, वर कैऱ्या, म्हणजे न फुटलेली हिरवी बोंडं, लटकलेल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं काय मस्त प्लॉट आहे, पण वेचायला गेलं की पानं ओली, दव सुकायला अकरा वाजायचे, आणि कापसाला पाल्याचा चुरा चिकटून यायचा.

आप्पांना घाई होती ती कांद्याची. २० ऑक्टोबरच्या आसपास उन्हाळ कांद्याचं रोप टाकलं होतं, म्हणजे डिसेंबरच्या दहा-पंधरा तारखेला रोप लागवडीला येणार, आणि रोप काही कापसासाठी थांबत नाही, जाड झालं की डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, येतात मग. त्यात गुलाबी बोंडअळी, कामगंध सापळ्यात पतंग दिसायला लागले होते, त्यामुळे फरदड, म्हणजे वेचणीनंतर पाणी देऊन तेच पीक पुढे चालवणं, ठेवायची नाही हे पक्कं होतं. कापूस डिसेंबरमध्ये संपवायचाच, प्रश्न एवढाच होता की कसा.

अडचण

वेचणीला माणसं नव्हती. दरवर्षी येणारी टोळी आली पण २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, मुकादम म्हणे मतदानाला सगळे गावाकडे जाणार आणि नंतर किती परत येतील सांगता येत नाही. किलोला दहा रुपये वेचणी ठरलेली, तीही बाया म्हणत होत्या की पाला इतका आहे की दिवसाला जेवढा कापूस निघायला पाहिजे तेवढा निघत नाही, बारा द्या. त्यांचं चूक नव्हतं.

आणि बाजारात व्यापारी मूठभर कापूस उचलून बघतो, पत्ती किती, कवडी (नीट न फुटलेला, खराब कापूस) किती, ओल किती, मग भाव बोलतो. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ रुपये होता, पण सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्के धरतात, त्याच्या वर गेला की पैसे कापतात आणि १२ च्या वर घेतच नाहीत. हिरव्या पाल्यातून सकाळी वेचलेल्या कापसाचं तिथे काय होणार.

म्हणजे आप्पांना पाहिजे होतं असं की पानं गळून जावीत, ऊन आत शिरावं, वरच्या कैऱ्या लवकर फुटाव्यात आणि उरलेला कापूस एका झटक्यात वेचून पऱ्हाटी (कापसाची उरलेली झाडं) उपटावी.

समोर काय काय होतं

सगळ्यात साधा मार्ग पाणी तोडायचा. ठिबक बंद, झाडाला ताण, हळूहळू पान पिवळं पडून गळतं. खर्च शून्य. पण काळ्या जमिनीत ओल टिकते, महिना लागेल असं आप्पांचं म्हणणं.

दुसरा, आहे तसं वेचायचं, बारा रुपये द्यायचे आणि घरी ताडपत्रीवर पसरून पाला निवडायचा. मला हा पर्याय तेव्हा मागासलेला वाटला होता, आता हिशोब केल्यावर तसं वाटत नाही.

तिसरा ड्रोन. शेजारच्या गावात एक ड्रोनवाला होता, पण ड्रोन एकरी दहाएक लिटर पाण्यात काम उरकतो, थेंब बारीक, वरच्या पानावर बसतात आणि कापसासारख्या दाट झाडात खालपर्यंत जातीलच याची खात्री नाही. ते तिथेच राहिलं.

चौथा डोक्यात आला तो डाळिंबावरून. आमच्याकडे मालेगाव, सटाणा, देवळा भागात डाळिंबवाले बहार धरताना इथेफॉन मारून पानगळ करतात, द्राक्षवाले पण ऑक्टोबर छाटणीच्या आधी करतात. आप्पा म्हणाले डाळिंबाचं पान गळतं तर कापसाचं का नाही गळणार. प्रश्न बरोबर आहे, जगात इतर देशांत जिथे मशीनने कापूस वेचतात तिथे पानगळीसाठी थायडायाझुरॉन आणि डाययुरॉनचं मिश्रण आणि बोंडं फुटायला इथेफॉन वापरतातच, डाययुरॉन तर मुळात तणनाशकच. पण आपल्या दुकानात मिळणाऱ्या इथेफॉनच्या बाटलीवर कापसाचं नाव नव्हतं.

आणि पाचवा पर्याय दुकानदाराने दिला, तोच घात करून गेला. तो म्हणाला इथेफॉनला पंधरा दिवस लागतील, तुम्ही पॅराक्वॅट हे तणनाशक मारा, तीन दिवसात पान साफ. एकरी लिटर, दोनशे लिटरच्या ड्रममध्ये. तणही जळेल. एका दगडात दोन पक्षी म्हणे.

इथे थांबायला पाहिजे होतं. पॅराक्वॅटचं लेबल काढून वाचलं तर कापसात ते ओळींच्या मधल्या तणावर, पिकाला न लागू देता मारायचं आहे आणि तेही काढणीच्या फार आधी. पिकावरच मारून तीन आठवड्यात वेचणी हे लेबलात कुठेच बसत नाही. शिवाय सरकी, म्हणजे कापसाचं बी, ढेपेला जाते, ढेप म्हशीला. आप्पांनी लेबल वाचलं नाही, मी गावात नव्हतो, आणि खरं सांगायचं तर असतो तरी दुकानदारापुढे किती बोललो असतो माहीत नाही.

पहिली फवारणी

१४ नोव्हेंबर. भाड्याने फवारणारा माणूस, त्याचा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप आणि लांब नळी, हातात गन. ड्रमवर पैसे. दोन एकर आधी मारून बघू आणि मग बाकीचं असं आप्पांनी ठरवलं, आणि या सगळ्या गोष्टीत आप्पांनी घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय हाच. पाच एकर एकदम मारलं असतं तर हे लिहायला पण कोणी बसलं नसतं.

गडी साडेअकराला आला, म्हणजे वारा सुटायच्या वेळेला. तोंडाला रुमाल, हातात काही नाही, पायात चप्पल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर लोक गेले, ते कीटकनाशकांचं प्रकरण होतं, पण पॅराक्वॅट त्याहून वाईट या अर्थाने की पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. पुतण्याने त्याला हातमोजे दिले तर म्हणे गन घसरते.

पाणी शेततळ्यातलं, गढूळ. हे पण लक्षात ठेवा, पुढे येतं.

तिसऱ्या दिवशी आप्पांचा फोन, "हाई काय व्हयी गय भाऊ, ये जरा". मी गेलो. बांधावर उभं राहिलं की शेत चादरीच्या पट्ट्यांसारखं दिसत होतं. दोन ओळी भाजलेल्या, तपकिरी, मग दोन ओळी अर्धवट, ठिपके ठिपके, खालचं पान हिरवं, परत दोन भाजलेल्या. सरीच्या तोंडाशी, जिथे गडी वळत होता, तिथे तर झाडाची सालसुद्धा काळवंडलेली. एका कोपऱ्यात चार-पाच गुंठे जवळजवळ काहीच झालेलं नाही.

आणि भाजलेली पानं गळलीच नव्हती. झाडावरच सुकून पापडासारखी लटकत होती, हात लावला की चुरा, आणि तो चुरा सरळ फुटलेल्या कापसात.

वरून शेजाऱ्याच्या कांद्याच्या रोपावर पांढरे ठिपके. वाऱ्याने तुषार गेलेले, बांधालगतचे दोन वाफे. शेजारी भला माणूस, आरडाओरडा केला नाही, नुसता म्हणाला आप्पा एकदा येऊन बघून जा. ते शांतपणे म्हणणंच आप्पांना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी आपल्या रोपातले दोन वाफे त्याला देऊन टाकले, विषय मिटला, पण आपलं रोप तेवढं कमी झालं.

पान गळणं आणि पान जळणं

ही गोष्ट मला स्वतःला पण कागदावर माहीत होती, शेतात पहिल्यांदा कळली. पान गळण्यासाठी देठाच्या बुडाशी एक तुटण्याचा थर तयार व्हावा लागतो आणि तो थर झाडच तयार करतं, त्याला काही दिवस लागतात आणि त्या काळात पान जिवंत असावं लागतं. इथेफॉन झाडात गेल्यावर इथिलीन सोडतं, इथिलीन हा झाडाला मिळालेला निरोप असतो की आता पान सोड. पॅराक्वॅट उन्हात तासा-दोन तासात पेशी फाडतं, पान मरतं, निरोप पोचायच्या आधीच. मग ते झाडाला चिकटून राहतं. म्हणजे दुकानदाराने जो गुण सांगितला, तीन दिवसात साफ, तोच दोष होता.

यात बरोबर औषध असतं तरी समान पडणं किती महत्त्वाचं आहे ते पण कळतं. जास्त पडलं की पान जळून चिकटतं, कमी पडलं की हिरवं राहतं, मधल्या मापात पडलं तरच गळतं. कीडनाशकात थोडं कमी जास्त झालं तरी खपून जातं, पानगळीत खपत नाही, शेत स्वतः दाखवतं कुठे किती पडलं.

पट्टे का पडले

गावात तीन मतं. आप्पा म्हणत औषध डुप्लिकेट. फवारणारा म्हणे पाणी खराब. मला वाटत होतं गडी खराब. तिघंही थोडे बरोबर आणि बरेच चूक.

माझा मेहुणा निफाडकडचा, द्राक्षबागवाला. तो आला आणि हसायला लागला, म्हणाला तुम्ही कापूसवाले ड्रम मोजता, आम्ही थेंब मोजतो. त्याच्याकडे ब्लोअर (पंख्याने फवारणारं यंत्र) सेट करताना पानांना कागद लावून बघतात. आमच्याकडे तो खास कागद नव्हता, आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापल्या, पांढरी बाजू बाहेर, वरच्या, मधल्या आणि खालच्या पानाला पिना मारून लावल्या, साध्या पाण्यात कपड्याची नीळ घातली आणि त्याच फवारणाऱ्याला बोलावलं. पैसे देऊन बोलावलं, हे महत्त्वाचं, कारण त्याला वाटत होतं आम्ही भांडायला बोलावतोय. त्याला सांगितलं जसं त्या दिवशी मारलं तसंच मार.

बघितलं तर तो एका सरीतून चालत डावीकडच्या दोन आणि उजवीकडच्या दोन ओळी एकदम घेत होता. जवळच्या दोन ओळींच्या पत्रिका निळ्या ओघळलेल्या, लांबच्या दोन ओळींच्या वरच्या कागदावर ठिपके आणि मधल्या-खालच्या कागदावर जवळजवळ काही नाही. कारण जवळची ओळ लांबच्या ओळीला आडवी येते, साधी गोष्ट. झाले की पट्टे. दोन गडद दोन फिके, अगदी शेतात दिसले तसेच. वळताना गन बंद करत नव्हता म्हणून तोंडाशी दुप्पट. शेताच्या लांबच्या टोकाला नळी ओढायला जड, पाय हळू पडतात, म्हणून तिथे जास्त. आणि ड्रम संपत आला की उरलेल्या जागेवर तो जोरात चालायचा, म्हणजे तेवढ्यात उरकेल, ते चार-पाच गुंठे कोरडे राहिले ते त्यामुळे. त्याची पण चूक म्हणता येत नाही, आपण त्याला ड्रमवर पैसे देतो, समानतेवर देत नाही.

पाण्याचा मुद्दा पण खोटा नव्हता. पॅराक्वॅट मातीच्या कणाला घट्ट चिकटतं आणि निकामी होतं, गढूळ पाण्यात त्याची ताकद वाया जाते. दोन ड्रममध्ये ढवळलेलं गाळाचं पाणी वेगवेगळं असणार, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या एकरात फरक पडला असणार. पण पट्टे पाण्याने पडत नाहीत. डुप्लिकेट औषधाने पण नाही. पट्टे चालण्याने पडतात.

उरलेल्या तीन एकरांचं काय

१७ नोव्हेंबरलाच तिन्ही एकरांचं ठिबक बंद केलं होतं. कृषी विज्ञान केंद्रातल्या (केव्हीके) ओळखीच्या मॅडमना विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या, पाणी तोडा आणि वाट बघा, लेबलवर नाही ते मारू नका. माझंही मत तेच झालं होतं. आप्पांचं नाही. आप्पा म्हणे निम्मं रोप शेजाऱ्याला गेलं, कांदा लेट झाला तर वर्ष गेलं, एक एकर तरी इथेफॉन मारून बघतोच. शेत त्यांचं. मी एवढंच म्हटलं की मारणार असाल तर मोजून मारू आणि त्या एकराचा कापूस वेगळा ठेवू. त्यांनी मारलं याचं समर्थन मी इथे करत नाही आणि डोस मुद्दाम लिहीत नाही, कारण लोक फक्त तेवढंच वाचून दुकानात जातात.

मोजायचं म्हणजे काय केलं ते मात्र सविस्तर सांगतो कारण ते कोणत्याही फवारणीला लागू आहे.

गन बाजूला ठेवली. बॅटरीचा सोळा लिटरचा पंप, त्याला चार नोझलची दांडी. आधी साधं पाणी भरलं, प्रत्येक नोझलखाली लिटरची बाटली धरली, मोबाईलवर एक मिनिट. निघालं ६२०, ६००, ८४० आणि ४१० मिली. एकाच दांडीवर! ८४० वालं झिजलेलं, ४१० वालं गाळाने तुंबलेलं. नियम असा की सरासरीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर नोझल बदलायचं. नवी होलो कोन (गोल फवारा देणारी) नोझल घेतली, तीनच लावली, एक वरून आणि दोन बाजूंनी, एका वेळी एकच ओळ. आता प्रत्येकी ६०० च्या जवळ, म्हणजे मिनिटाला १.८ लिटर.

मग चाल. शंभर फूट दोरी टाकली आणि पुतण्याला पाठीवर भरलेला पंप घेऊन कापसातून चालायला लावलं, मोकळ्या रस्त्यावर नाही, कारण रस्त्यावर माणूस वेगळा चालतो. ४५-४६ सेकंद. म्हणजे मिनिटाला ४० मीटर. चार फुटाच्या सरीत एका एकरात ओळींची एकूण लांबी साधारण ३३२० मीटर भरते, म्हणजे ८३ मिनिटं, गुणिले १.८, म्हणजे एकरी १५० लिटर, साडेनऊ पंप. आता औषध साडेनऊ पंपात वाटायचं, आधी पंपात टोपण ओतून मग बघू किती पंप लागतात असं नाही.

आणि इथे आप्पा पहिल्यांदा गप्प झाले, कारण पुतण्या सकाळी ताज्या दमाने शंभर फूट ३६ सेकंदात गेला आणि दुपारी थकून एक मिनिट लावत होता. तोच पंप, तेच नोझल, तोच डोस, पण सकाळी एकरी १२० लिटर पडतं आणि दुपारी २०० लिटर. टोपणाने मोजणाऱ्याला वाटतं दोन्हीकडे सारखंच मारलं.

अजून दोन गोष्टी. बॅटरी सहाव्या पंपाला उतरते, नोझलमागे ६०० चे ४८० झाले, म्हणून दुसरी बॅटरी शेजाऱ्याकडून आणली, तोच शेजारी, रोपवाला. आणि पाणी. इथेफॉन आंबट पाण्यात टिकतं, अल्कली पाण्यात फुटून हवेत जातं. बोअरच्या पाण्याचा पीएच आठच्या वर निघाला, मेहुण्याने सायट्रिक अॅसिडने खाली आणला, द्राक्षवाले पीएच बघितल्याशिवाय टाकी भरत नाहीत, आम्ही आयुष्यात पहिल्यांदा बघितला. पाणी फडक्याने गाळून घेतलं. एक एक पंप करूनच औषध टाकायचं, पूर्ण ड्रम बनवून ठेवायचा नाही.

२६ नोव्हेंबरला सकाळी दव सुकल्यावर, वारा सुटायच्या आत, मास्क हातमोजे घालून मारलं. बांधाकडच्या चार ओळी सोडून दिल्या. मारण्याआधी वरच्या कैऱ्या चाकूने कापून बघितल्या, सरकीचं साल तपकिरी झालंय का आणि आत पाणचट गर उरलाय का. सरकी तपकिरी असेल तर कैरी तयार. पहिल्या फवारणीच्या वेळी हे कोणीच बघितलं नव्हतं, तेव्हा झाडावरची निम्मी बोंडंसुद्धा फुटलेली नव्हती, म्हणून तिथल्या वरच्या कैऱ्या कवडी होऊन बसल्या.

निकाल

मारलेला एक एकर सारखा उतरला. पट्टा नाही, भाजलेलं तोंड नाही. पण आप्पा दहा दिवसात साफ होईल म्हणत होते ते झालं नाही. थंडी पडली होती, आणि इथेफॉनचं काम गरमीवर चालतं, रात्र गार झाली की ते मंद होतं. डाळिंबाचा अंदाज इथे लागू पडला नाही. १४ डिसेंबरला वेचायला घेतला, म्हणजे अठरा दिवस.

आणि गंमत म्हणजे ज्या दोन एकरांत काहीच मारलं नाही, फक्त पाणी तोडलं, तो २० डिसेंबरला वेचायला आला. सहा दिवसांचा फरक. आप्पा म्हणतात सहा दिवस म्हणजे सहा दिवस. मी म्हणतो औषध, मजुरी, नोझल, सगळं धरून सहा दिवस महाग पडले, आणि पाणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तोडलं असतं तर तेही लागले नसते. यावर आमचं अजून एकमत नाही.

पॅराक्वॅटचे दोन एकर मात्र खरंच गेले. शेवटच्या हाताला पाच क्विंटल निघाला, त्यात दीड क्विंटल कवडी. चुरा इतका की बाया वेचायला तयार नव्हत्या, मुळात त्या जळलेल्या शेतात उघड्या हाताने त्यांना पाठवायचं का हा प्रश्न होता, घरच्याच लोकांनी हातमोजे घालून वेचला. व्यापाऱ्याने क्विंटलला नऊशे रुपये कमी दिले. दरवर्षी पऱ्हाटीत मेंढरं बसवणारा धनगर आला त्याला आप्पांनी त्या दोन एकरात बसू दिलं नाही, खताचा फायदा गेला. सरकीचं काय झालं असेल हे आम्ही कोणी बोलत नाही.

कांदा २२ डिसेंबरला सुरू केला. रोप कमी पडलं, पाऊण एकराचं विकत आणलं.

आज तीच वेळ आली तर

पहिला निर्णय पाण्याचा. परतीचा पाऊस थांबला त्याच दिवशी ठिबक बंद करायला पाहिजे होतं, आणि शेवटचा युरिया पण द्यायला नको होता, तो मी लिहायचा विसरलो होतो, ऑक्टोबरमध्ये ठिबकमधून दिला होता, पावसाने झाड आधीच हिरवं असताना. शेंडा जो परत फुटला त्यात त्याचा हात आहे आणि तो सल्ला माझा होता.

दुसरा निर्णय दुकानाच्या काउंटरवरचा. तिथे औषध चांगलं की वाईट एवढंच विचारलं गेलं. विचारायला पाहिजे होतं की पान गळेल की जळेल, लेबलवर हे पीक आहे का, वेचणीला किती दिवस आहेत. तीन प्रश्न, दोन मिनिटं.

तिसरा, बायांना बारा रुपये देण्याचा पर्याय. पहिल्या दोन एकरांत जेवढं नुकसान झालं त्यात पाचही एकरांची वाढीव वेचणी निघून वर पैसे उरले असते. हे आप्पांना मी एकदाच सांगितलं, परत नाही सांगणार.

फवारणाऱ्याशी व्यवहार पण बदलला. आता गटात ठरलंय की ड्रमवर पैसे नाहीत, एकरावर, आणि सुरू करायच्या आधी बाटली भरून दाखवायची. सुरुवातीला त्याने तोंड वाकडं केलं. मग पुढच्या जूनमध्ये मक्याच्या तणनाशकाला तो स्वतःच फ्लॅट फॅन नोझल घेऊन आला आणि आप्पांना म्हणाला, धरा बाटली. आप्पांनी धरली, मिनिटभर, मग डोळ्याजवळ नेऊन बघितली आणि म्हणाले, अजून एकदा.